जावयाच्या आवडीची भाजी

माझे लग्न झाले त्या वर्षीच्या ज्येष्ठात पत्नीला माहेराहून आणण्यासाठी मी रोह्याला गेलो, आणि तेथल्या एका दुपारच्या भोजनात माझ्याविषयी एक समजूत त्या घरात रुजली. समजूत अशी की, पेणच्या जावयाला शेवळाची भाजी अतिशय आवडते. वस्तुस्थिती अशी होती की, ती भाजी माझ्या घशाखाली उतरत नसे.

ज्यांचा आमच्या भागाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसाळ्याच्या तोंडावर डोंगरउतारांवरच्या पाचोळ्यातून तपकिरी-जांभळे, भाल्याच्या टोकासारखे कोंब वर येतात. त्यांना शेवळे म्हणतात. ती थोडेच दिवस मिळतात, म्हणून त्यांचे अप्रूप. अंगचा गुण मात्र खाजरा. वरचे आवरण सोलून आतला पिवळा भाग काळजीपूर्वक काढावा लागतो, आणि शिजवताना काकडे नावाच्या आंबट रानफळांचा रस घालावा लागतो. एवढे केले नाही तर खाणाऱ्याचा घसा खाजतो, आणि एवढे करताना निवडणाऱ्याचे हात खाजतात. शिजल्यावर भाजीला एक रानटी, ओलसर, मातीचा वास राहतो. ज्यांना तो आवडतो ते त्या वासावर जीव टाकतात. मला तो कधीच मानवला नाही.

मग ती समजूत झाली कशी, हे कळण्यासाठी माझ्या शिक्षणाकडे थोडे वळले पाहिजे. माझे बालपण पेणच्या एका पाठशाळेत गेले. तेथे भोजन हेही अध्ययनाचेच अंग मानले जाई. पान मांडल्यावर अन्नाला नमस्कार करायचा, आपोशन घ्यायचे आणि शेवटचा घास संपेपर्यंत बोलायचे नाही. अन्न हे देवाचे रूप, म्हणून त्याला नावे ठेवायची नाहीत, आणि पानात काही टाकायचे नाही. आम्हा विद्यार्थ्यांना या नियमांतून एक युक्ती सुचली होती. जे नावडते ते आरंभीच, भूक तीव्र असताना संपवायचे; मग उरलेले जेवण निश्चिंतपणे करता येई. पडवळ, कारली, शेपू हे सारे मी असेच पार केले. पुढे ती युक्ती न राहता सवय झाली. मी पेणच्या हायस्कुलात संस्कृत शिकवू लागलो, स्वतःच्या घरात जेवू लागलो, तरी पान वाढले की माझा हात आधी नावडत्या पदार्थाकडेच जाई.

त्या दुपारी रोह्यात तेच झाले. सासऱ्यांच्या शेजारी माझे पान होते. सासरे कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले होते. उंच, कृश, बोलण्यात मिस्किल. सासूबाई वाढत होत्या. पानाच्या डाव्या बाजूला शेवळाची भाजी होती, वर ओले खोबरे, मध्ये वालाच्या डाळिंब्या. मी आपोशन घेतले, मनात देवाचे स्मरण केले आणि ती भाजी पहिल्या चार घासांत संपवली.

सासऱ्यांनी ते पाहिले. ते मौन पाळत नसत.

"अगो, बघतेस काय नुसती? शास्त्रीबुवांनी पहिला हात शेवळालाच घातला. वाढ आणखी."

सासूबाईंनी डावभर भाजी वाढली. मी पानावर हात आडवा धरला, मान हलवली. आमच्याकडे जावयाने हात आडवा धरणे हा शिष्टाचार समजतात आणि तो न मानणे हा यजमानीणबाईंचा. डाव माझ्या बोटांच्या फटीतून खाली आला.

"लाजतात हो," त्या सासऱ्यांना म्हणाल्या.

"लाजणारच. पहिलं वर्ष आहे. नको म्हणताहेत म्हणजे हवी आहे."

मी तीही संपवली, कारण पानात टाकता येत नव्हते. मग तिसऱ्यांदा वाढली गेली. हात धुऊन मी बोलण्यास मोकळा झालो तोवर सासूबाई आतल्या बाईला सांगत होत्या, "इतकी आवडीनं खाल्लीन की काय सांगू. पुढच्या वर्षी आठवणीनं करायला हवी." त्या वेळी त्यांचा चेहरा इतका तृप्त होता की, तो उतरवण्याचे शब्द माझ्याजवळ नव्हते.

पुढील प्रत्येक ज्येष्ठात ती भाजी माझ्यासाठी झाली.

पत्नीला खरे दुसऱ्या वर्षीच कळले. तिला स्वतःला शेवळाचे प्रेम नव्हते आणि वैरही नव्हते. समोर आली तर ती खाई. ती हसली, पुष्कळ हसली, आणि म्हणाली, "अहो, मग सांगून टाका ना आईला."

"अन्नाला नावे ठेवायची?"

"अन्नाला कशाला? स्वतःच्या जिभेला ठेवा."

हे उत्तर किती योग्य होते हे मला तेव्हा उमगले नाही. मी म्हणालो, "तूच सांग." तिने सांगितलेही. सासूबाईंनी लेकीचे ऐकून घेतले आणि निकाल दिला, "तुला काय कळतंय गो? तुझ्या हातची बिघडत असेल. भिडस्त माणूस, तोंडावर कसं बोलेल? म्हणून आवडत नाही म्हणतो." त्यानंतर पत्नीने या विषयातून अंग काढून घेतले. "आता तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली. "माझा स्वयंपाक मध्ये आणू नका."

मी माझ्या परीने उपाय केले. एके वर्षी शेवळाच्या दिवसांत रोह्याला जायचेच टाळले. तेव्हा सासूबाईंनी भाजी पितळेच्या डब्यात भरून, वर फडके बांधून, एसटीच्या वाहकाबरोबर पेणला पाठवली. ती गाडी खांबजवळ बंद पडली. डबा दुसऱ्या दिवशी दुपारी रामवाडीच्या थांब्यावर माझ्या हाती आला तेव्हा त्याचा वास फडक्याबाहेर येत होता. वाहक बिचारा अपराधी चेहऱ्याने म्हणाला, "गुरुजी, खराब झाली असंल. आमचा इलाज नाय चालला." मी त्याचे समाधान केले. माझ्याइतक्या शांत चित्ताने कोणी नासलेले अन्न स्वीकारले असेल असे वाटत नाही. परंतु सासूबाईंना ते कळताच त्यांना फार वाईट वाटले, आणि त्या आठवड्यात पुन्हा डबा आला. या वेळी गाडी वेळेवर होती.

दुसऱ्या एका वर्षी मी थोडीच खाल्ली. त्याचा अर्थ सासूबाईंनी असा लावला की, यंदा काकडांचा रस कमी पडला. संध्याकाळी नव्याने केली.

काशीयात्रेस निघालेल्या एका शेजाऱ्याने सुचवले की, गयेला गेल्यावर एक भाजी सोडण्याची पद्धत आहेच, तेव्हा शेवळे सोडून मोकळे व्हावे. सल्ला व्यवहारी होता. परंतु तेथे सोडायचे ते आपल्याला प्रिय असते ते. नावडते देवापुढे ठेवून त्याला त्याग म्हणणे मला जमले नसते. आणि रोह्यात तर साऱ्यांनी माझ्या वैराग्याची वाखाणणी केली असती. तो विचार मी सोडून दिला.

याच सुमारास माझ्या घरातही न खाण्याचे प्रसंग रोज होत. रेशनवर तांबडी मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळत असे. तिची भाकरी थापताना तुटे आणि खाताना तोंडात फिरत राही. माझी धाकटी मुलगी ती भाकरी पाटाखाली लपवी; थोरला मुलगा आज एकादशी आहे का असे रोज विचारी. शेजारच्या मुली वालाचे बिरडे पाहिले की पोट दुखते म्हणत. मी मुलांना कधी बळजबरी केली नाही. त्यांना म्हणे, एक घास देवाचा म्हणून खा, बाकीचे मी खातो. मग त्यांच्या पानातली मिलो मी संपवी, आणि पत्नी म्हणे, "पोरांना सूट आहे, तुम्हाला मात्र नाही." त्यात उपरोध होता, आणि सत्यही होते. मुलांना नकार देण्याची जी मोकळीक मी आनंदाने देत होतो ती स्वतःसाठी मागणे मला सुचत नव्हते.

हे असेच पुढे चालले असते आणि माझे काही बिघडले नसते. वर्षातून एक-दोन भोजने. त्यापेक्षा कठीण गोष्टी माणसे सोसतात. परंतु प्रश्न माझ्या जिभेचा उरला नाही. तो सासूबाईंच्या हातांचा झाला.

वय वाढले तशी त्यांची कातडी नाजूक झाली. पूर्वी शेवळे निवडण्याआधी हातांना खोबरेल चोळले की भागत असे. पुढे पुढे तेल लावूनही बोटे लाल होत, सुजत, सांध्यांवर भेगा पडत. एके वर्षी मी गेलो तेव्हा त्या मला वाढत होत्या आणि डाव धरताना त्यांची बोटे मिटत नव्हती. मी पत्नीकडे पाहिले. जेवण झाल्यावर तिने विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "काही नाही गो, साबणानं झालंय." डॉक्टरांनाही त्यांनी साबणच सांगितला होता. डॉक्टरांनी मलम दिले, साबण बदलायला लावला. हात श्रावण सरेपर्यंत बरे झाले नाहीत. पुढच्या वर्षी सूज अधिक होती.

त्यानंतरच्या चैत्रात त्यांनी लक्षवातींचा संकल्प केला. आषाढी एकादशीपासून आरंभ करायचा, कापसाच्या वाती स्वतःच्या हातांनी वळायच्या, आणि त्रिपुरी पौर्णिमेला देवळात लक्ष वाती उजळायच्या. त्यांच्या सासूने केला होता, त्यांच्या आईने केला होता. त्यांचा मात्र संसाराच्या धबडग्यात राहून गेला होता. "आता अंगात बळ आहे तोवर करून घेते," त्या म्हणाल्या. "पुढचं कोणी बघितलंय?" वाती विकत घेता येतात, किंवा चार जणींनी मिळून वळल्या तरी चालतात, असे पत्नीने सुचवून पाहिले. त्यांनी ते मनावर घेतले नाही.

शेवळे ज्येष्ठात येतात. वाती आषाढात सुरू व्हायच्या. सुजलेल्या, भेगाळलेल्या बोटांना कापूस चिकटतो. त्या बोटांनी एक वात धड वळत नाही. हे पत्नीने मला पेणला परतताना गाडीत सांगितले.  वडखळ आल्यावर ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "यंदा शेवळं निवडली तर आईचा संकल्प मोडेल. आणि ती निवडणार. तुमच्यासाठी निवडणार." 

एका वृद्ध स्त्रीचे आयुष्यभराचे व्रत, आणि त्याच्या आड माझी न आवडणारी भाजी. आता मौनात पुण्य उरले नव्हते.

बोलायचे तर काय बोलायचे, याची जुळवाजुळव मी दोन महिने केली. श्लोक रचावा तसे वाक्य रचले, मोडले, पुन्हा रचले. अन्नाचा अवमान नको, सासूबाईंच्या हाताला दोष नको, आणि इतक्या वर्षांच्या त्यांच्या मायेचे मोल कमी व्हायला नको. शाळा सुरू होण्यापूर्वीच आम्ही रोह्याला गेलो, म्हणजे शेवळे घरात येण्याआधी आपण तेथे असू.

आम्ही ओटीवर चहा घेत होतो. सासरे झोपाळ्यावर वर्तमानपत्र वाचत होते. डोंगराकडची एक म्हातारी टोपली डोक्यावर घेऊन अंगणात आली. दर वर्षी तीच येत असे.

"आजी, शेवळा आणल्यात गो. पयली जुडी तुज्याच दारात."

"आण गो, आण. बरी वेळेवर आलीस. आमचे जावई आजच आलेत." सासूबाई लगबगीने पायरीवर आल्या. "ताजी आहेत ना? आणि काकडं?"

"हायत ना. काकडा नाय आणली तर तू मला उभी करशील व्हय?"

सासूबाईंनी जुडी उचलायला हात पुढे केला. मी म्हणालो, "आई, घेऊ नका."

"का हो? पेणला न्यायची असतील तर निवडून देते की."

मी उठून उभा राहिलो. जुळवलेल्या वाक्यांतले एकही आठवेना. शेवटी म्हणालो, "आई, या भाजीत काही उणे नाही. तुमच्या हातात तर नाहीच. उणे माझ्या जिभेत आहे."

त्यांना अर्थबोध झाला नाही. त्यांनी लेकीकडे पाहिले.

"म्हणजे त्यांना आवडत नाहीत गो आई," पत्नी म्हणाली. "कधीच आवडली नाहीत. मी तुला मागेच सांगितलं होतं, तू माझाच स्वयंपाक काढलास."

 म्हातारीने टोपली कमरेवर घेतली.

"मंग घ्यायची हायत का नाय?"

"थांब गो जरा," सासूबाई म्हणाल्या. त्यांची नजर माझ्यावरून हलत नव्हती. "पहिल्या वर्षी तर सगळ्यात आधी तीच खाल्लीत."

"नावडते आधी संपवण्याची मला पाठशाळेपासून सवय आहे."

"आणि मी वाढत राहिले."

"हो."

"हात आडवा धरत होतात तो?"

"मला खरोखरच नको होती."

त्या पायरीवर बसल्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला, आणि त्यांचे खांदे हलू लागले.  मी पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात माझ्या लक्षात आले की, त्या हसत आहेत. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. जरा वेळाने पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "सुटले गो बाई. मला तर तिचा वास आला की मळमळतं. फोडणीला टाकली की मी मागच्या दारी जाऊन उभी राहते. नैवेद्याआधी चाखायची नाही म्हणून निभावलं. नाही तर मीठ बघायला तोंडात घालावी लागली असती."

"आणि जेवताना?" पत्नीने विचारले.

"जेवताना काय? पुरुषांची पानं झाली की उरते कुठे?"

हे वाक्य त्यांच्या तोंडून बाहेर पडले आणि त्या एकदम थांबल्या. त्यांनी मान वळवून झोपाळ्याकडे पाहिले. आम्हीही पाहिले. झोपाळ्याची कुरकुर केव्हाच थांबली होती. वर्तमानपत्र मात्र सासऱ्यांच्या चेहऱ्यासमोर उभेच होते.

"अहो, ऐकलंत का?"

"ऐकतोय." कागदामागून उत्तर आले.

"जावयांना आवडली असं कोण म्हणालं होतं?"

"आवडल्यासारखी दिसत होती, म्हणून म्हटलं. कोणीही म्हटलं असतं."

"दर वर्षी आठवण कोण करत होतं? जावई यायचे आहेत, शेवळं आली का बघ, असं?"

"जावयाचा मान नको ठेवायला?"

"आणि मान ठेवून झाल्यावर उरलेली कोण संपवत होतं?"

सासऱ्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली. "टाकून द्यायची होती काय? अन्न आहे ते. विचार शास्त्रीबुवांना."

मला हसू आवरले नाही. पत्नी तर खांबाला टेकून हसत होती. तेव्हा उलगडा झाला. सासूबाई लग्न होऊन त्या घरात आल्या त्या शेवळाचा तिटकारा घेऊनच. सासऱ्यांच्या आई होत्या तोपर्यंत त्या करीत. त्या गेल्यावर घरात शेवळ शिजले नाही. सासऱ्यांनी एक-दोनदा सुचवले असेल, बायकोचे तोंड पाहून पुन्हा विषय काढला नसेल. आणि मग जावई आला. जावयाचे नाव घेतले की चूल पेटत असे. मला आवडत नसेल अशी शंका त्यांना कधी आली होती की नाही, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितले नाही. मीही विचारले नाही.

"चांगलं आहे," सासूबाई म्हणाल्या. "यांना खायची म्हणून जावयाला खायला घातली, आणि मी हात भाजून घेतले."

"हात?" सासरे म्हणाले.

पत्नीने तेवढ्यात सांगून टाकले. साबण नव्हे, शेवळे. आणि आषाढात वाती वळायच्या आहेत तेही. सासऱ्यांचा मिस्किलपणा क्षणात उतरला. ते झोपाळ्यावरून उठले, पायरीजवळ आले आणि बायकोसमोर उभे राहिले. 

"मला साबण सांगितलास," ते म्हणाले.

"डॉक्टरला पण तोच सांगितला. जावयांसाठी करतेय, आणि हात सुजतात म्हणून कुरकुर करायची? बरं दिसलं असतं?"

 सासरे म्हातारीकडे वळले. "एक जुडी ठेव. मी निवडतो."

"तुम्ही?" सासूबाई म्हणाल्या.

"मी. आवडते मला. माझी मी निवडीन."

"या घरात तुम्ही कधी मिरचीचा देठ काढला नाहीत."

"मग आज काढतो."

म्हातारी टोपली उतरवत खुदकन हसली. "आजा, तेल लाव हो हातास्नी. नाय तर रातभर नाचशील."

त्या दुपारी माझ्या सासऱ्यांनी ओटीवर फडके पसरून, हातांना खोबरेल चोळून, आयुष्यातली पहिली भाजी निवडली. मी मदतीला बसू लागलो तर त्यांनी मला उठवले. "तुम्ही पुष्कळ खाल्लीत शास्त्रीबुवा, आता निवडायला नका बसू." सासूबाई दारात उभ्या राहून सूचना देत होत्या. पिवळं काढा. तिथलं नाही हो, खालचं. सगळं काढा, नाही तर घसा धरेल. थोड्याच वेळात सासऱ्यांनी हात झटकला.

"काय गो हे. आग होत्ये नुसती."

"आता कळलं?"

"कळलं." आणि मग, आवाज खाली आणून, "दर वर्षी असंच व्हायचं तुला?"

"आधी कमी व्हायचं."

 त्यांनी हातांना पुन्हा तेल चोळले आणि जुडी निवडून संपवली. पत्नीने ती भाजी शिजवली. सासूबाई मागच्या दारी जाऊन उभ्या राहिल्या, आणि या वेळी मीही त्यांच्याबरोबर तेथे जाऊन उभा राहिलो. कर्दळीच्या ताटव्याशी आम्ही दोघे वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उभे होतो. "तुम्हाला खरंच इतका त्रास व्हायचा?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "वास जाईपर्यंत." "मला पण," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत सासूबाईंशी माझे बोलणे इतक्या सरळपणे कधी झाले नव्हते.

संध्याकाळी देवाला दिवा लावल्यावर त्यांनी मला विचारले, "मग तुम्हाला आवडतं तरी काय?"  काय वाढले ते खावे एवढेच शिकलो होतो. बराच विचार करून मी म्हणालो, "मुगाची खिचडी." त्यांचा विश्वास बसला नाही. "जावयाला खिचडी? लोक काय म्हणतील?" पत्नी आतून म्हणाली, "आई, या वेळी ऐक." त्या रात्री खिचडी झाली. तीत तूप त्यांनी आपल्या अंदाजाने वाढले, म्हणजे पुष्कळ वाढले. ते मला चालण्यासारखे होते.

त्या वर्षी सासूबाईंचे हात सुजले नाहीत. आषाढी एकादशीला आम्ही पुन्हा रोह्याला गेलो तेव्हा त्या देवघरात पाटावर बसल्या होत्या. पुढ्यात सरकी काढलेला कापूस होता. चिमटीने कापूस ओढायचा, राखेत बोट टेकवायचे, तळहातावर वळायचा, ताटलीत ठेवायचा. बोटे भरभर चालत होती. मध्येच थांबून त्यांनी तळहात उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा कामाला लागल्या. सासरे शेजारी बसून कापसातली कचकूट वेचून देत होते. कापूस जाड ओढतेस, असे ते म्हणाले तेव्हा त्यांना सांगण्यात आले की, शेवळं निवडता आली म्हणजे सगळं येतं असं नाही.

त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही सर्व देवळात गेलो. सगळ्या वाती त्यांनी स्वतः वळल्या होत्या. दोन-तीन दिवस ताप आला तेव्हा खंड पडला तेवढाच, आणि तो त्यांनी पुढे भरून काढला. तुपात भिजवलेल्या वातींची रास मोठ्या परातीत रचली होती. सासूबाईंनी काडी लावली. आधी नुसता धूर झाला, मग एका कडेने ज्योत चढत गेली आणि सारा गाभारा उजळला. त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता आणि ओठ हलत होते. सासऱ्यांनी परात किंचित मागे ओढली, झळ त्यांना लागू नये म्हणून.

मी देवापुढे हात जोडले. नेहमी काही ना काही मागत असतो. त्या दिवशी मागण्यासारखे काही आठवले नाही. रास पूर्ण जळून निवेपर्यंत आम्ही तेथे बसून होतो. मग सासूबाई म्हणाल्या, "चला, भुका लागल्या असतील," आणि आम्ही घरी आलो.